अंधांसाठी इलेक्ट्रॉनिक कुलूप निवडताना

घराचे कुलूप ही मुळात डोळ्यांपेक्षा हातांच्या अधिक परिचयाची वस्तू. किल्लीचे दाते बोटांना कळतात, ती नीट बसली की हाताला जाणवते आणि खटका सरकल्याचा आवाज कानाला ओळखू येतो. वीज गेलेली असताना जिन्यातल्या अंधारात डोळस माणूसही दार असेच उघडतो. १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचे उत्पादन सुरू केले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कुलपांच्या आतील रचना कितीतरी बदलल्या, पण किल्ली फिरवणे हे काम हाताचेच राहिले. त्यामुळे अंध व्यक्तीला स्वतःच्या घरात शिरण्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज सहसा भासली नाही.

इलेक्ट्रॉनिक कुलपांनी हे चित्र बदलले आहे. शहरांतील नव्या इमारतींत आकड्यांवर, बोटाच्या ठशावर, कार्डावर किंवा मोबाइलवर उघडणारी कुलपे दिसू लागली असून अनेक ठिकाणी बांधकाम व्यावसायिकच ती बसवून देतात. अंध व्यक्तीला त्यांचे फायदे अधिकच आहेत. किल्ली हरवण्याची भीती उरत नाही, किल्लीचे भोक चाचपडत शोधावे लागत नाही आणि घरकामाला येणाऱ्या बाईंना किंवा पाहुण्यांना स्वतंत्र आकडा देऊन तो नंतर रद्द करता येतो. मात्र निवड चुकली, तर याच कुलपामुळे घरधन्याला स्वतःच्या दारासमोर शेजाऱ्याची वाट पाहत उभे राहावे लागते. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ५० लाख व्यक्तींची दृष्टिदोषाच्या गटात नोंद झाली होती. हे ध्यानात घेतले, तर कुलूप निवडण्याचा प्रश्न थोडक्या घरांपुरता नाही, हे पटावे.

शोधणे आणि दाबणे

अंध व्यक्तीसाठी कुलूप पाहताना पहिली कसोटी एकच. कुलपाचा प्रत्येक भाग बोटांनी शोधता यावा आणि शोधताना तो चालू होऊ नये. साध्या बटनाच्या बाबतीत शोधणे आणि दाबणे या दोन वेगळ्या क्रिया असतात. बोट बटनावरून फिरते, हवे ते सापडते आणि मग ते जोर देऊन दाबले जाते. टच पॅडच्या सपाट काचेवर या दोन क्रिया एक होतात. बोट टेकताच काचेखालील विद्युतधारितेत बदल होतो आणि त्या जागी असलेला आकडा दाबला गेल्याची नोंद होते. चाचपण्यासाठी फिरवलेले बोट चुकीचे आकडे भरत जाते. बहुतेक कुलपे काही चुकीच्या प्रयत्नांनंतर थोडा वेळ बंद पडतात किंवा मोठ्याने भोंगा वाजवतात. चोरासाठी केलेली ही व्यवस्था मग घरमालकालाच भोवते.

‘अंध व्यक्ती टच स्क्रीनचा मोबाइल वापरतात, मग कुलूप का नको?’ असा प्रश्न विक्रेते हमखास विचारतात. मोबाइलमध्ये या अडचणीवर उपाय केलेला आहे. आयफोनवरील व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवरील टॉकबॅक ही पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी सुविधा २००९ पासून उपलब्ध आहे. तिच्यात पहिल्या स्पर्शाला बोटाखालील गोष्टीचे केवळ नाव उच्चारले जाते आणि दोनदा टिचकी मारल्यावरच ती उघडते. म्हणजे शोधणे व दाबणे पुन्हा वेगळे झाले. कुलपाच्या टच पॅडवर अशी सोय सहसा नसते. युरोपातील ‘ईएन ३०१ ५४९’ या सुगम्यता मानकात नेमकी हीच अपेक्षा आहे. यंत्राचा प्रत्येक भाग दृष्टीविना ओळखता यावा आणि ओळखताना त्याची क्रिया घडू नये, असे ते सांगते.

काही कुलपांचा पॅड तळहात टेकवल्यावरच जागा होतो. ही बाब फारशी अडचणीची नाही. परंतु काही मॉडेलमध्ये पॅड जागा झाल्यावर आधी एकदोन भलतेच आकडे प्रकाशतात व ते दाबल्यानंतरच खरा संकेतांक स्वीकारला जातो. काचेवर उमटलेल्या डागांवरून संकेतांक ओळखला जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. प्रकाशलेला आकडा न दिसणाऱ्या व्यक्तीला मात्र असे कुलूप वापरताच येत नाही. ही सुविधा बंद करता येते काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

टच पॅडचे कुलूप आधीच बसवलेले असल्यास काही जण काचेवर उठावदार ठिपके चिकटवतात. त्याने दिशा कळते, पण चाचपताना चुकीचा आकडा भरला जाण्याचा धोका टळत नाही. त्यापेक्षा आकड्यांच्या जागी भोके पाडलेला जाडसर प्लास्टिकचा साचा वर बसवणे बरे. बोट साच्यावर फिरते आणि भोकात उतरल्यावरच काचेला लागते. तथापि ही तात्पुरती सोय होय. नवे कुलूप घेताना दाबली जाणारी, एकमेकांपासून सुटी आणि उठावदार बटनेच निवडावीत.

पाचच्या आकड्यावरील खूण

बटने असली म्हणजे काम झाले असे नाही. त्यांची मांडणी टेलिफोनसारखी असावी. वरच्या ओळीत एक, दोन, तीन, त्याखाली चार ते सहा, मग सात ते नऊ आणि तळाशी मधोमध शून्य. पाचच्या बटनावर उठावदार ठिपका किंवा रेघ असावी. ही एक खूण सापडली की उरलेले सर्व आकडे बोटे न पाहता शोधतात. टेलिफोनवर आणि बँकांच्या एटीएमवर हीच पद्धत रूढ आहे. प्रत्येक बटनावर ब्रेल अक्षर असले तर उत्तमच, पण ते नसल्याने फारसे अडत नाही. पाचची खूण नसल्याने मात्र अडते. आकडे दोन उभ्या रांगांत किंवा वर्तुळात मांडलेले कुलूप शिकून घेता येते, परंतु घरी येणाऱ्या अंध मित्राला किंवा नातेवाइकाला ते प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते.

चूक झाल्यास भरलेले आकडे पुसण्याचे बटन आहे काय आणि ते स्पर्शाने वेगळे ओळखू येते काय, हेही पाहावे. शेजारी कोणी उभे राहून आकडे पाहत असेल तर अंध व्यक्तीला ते कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे खऱ्या संकेतांकाच्या मागेपुढे भलते आकडे दाबण्याची मुभा देणारे कुलूप तिच्या विशेष उपयोगाचे. वर सांगितलेल्या प्रकाशणाऱ्या आकड्यांहून ही सुविधा वेगळी आहे. येथे कोणते जादा आकडे दाबायचे, हे वापरणाराच ठरवतो.

ठसा, कार्ड आणि मोबाइल

अनेक अंध व्यक्तींना बोटाच्या ठशाचे कुलूप सर्वांत सोयीचे वाटते, कारण त्यात आकडे शोधावे लागत नाहीत. मात्र ठसा घेणारी जागा कोठे आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. मूठ धरताना अंगठा जेथे सहज टेकतो तेथेच ती असेल, तर शोधण्याचे कामच उरत नाही. सपाट पॅनेलवर असल्यास तिच्याभोवती खोलगट कड हवी. नोंदणीच्या वेळी बोट जसे ठेवले असेल, साधारण तसेच ते रोज पडावे लागते. म्हणून घाईत, हातात सामान असताना बोट जसे ठेवले जाते, त्याच पद्धतीने नोंदणी करावी. पावसाळ्यातील ओले बोट, थंडीतील कोरडी त्वचा, भांडी-धुणी किंवा सिमेंटच्या कामाने झिजलेले ठसे यांमुळे यंत्र ओळख नाकारू शकते. दोन्ही हातांची मिळून किमान चार बोटे नोंदवून ठेवावीत आणि केवळ ठशावर कधीही विसंबू नये.

चेहऱ्यावरून ओळख पटवणाऱ्या कुलपांबाबत अधिक सावध असावे. कॅमेऱ्यासमोर योग्य अंतरावर व योग्य दिशेला चेहरा धरणे, हे काम मुळात दृष्टीच्या आधारावर होते. काळा चष्मा वापरणाऱ्या किंवा डोळे मिटलेले असणाऱ्या व्यक्तीला काही यंत्रणा ओळखतही नाहीत.

कार्ड किंवा किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा टॅग हा साधा आणि भरवशाचा मार्ग. तो रेडिओ लहरींवर चालतो, त्यामुळे कार्डाची सुलटी-उलटी बाजू पाहावी लागत नाही. वाचकाजवळ काही सेंटिमीटर अंतरावर ते धरले की पुरे. वयोवृद्धांना व लहान मुलांनाही हे जमते. हॉटेलांतील खाचेत घालावयाच्या कार्डाची बाजू ओळखताना होणारी फजिती येथे होत नाही. कार्ड हरवल्यास त्याची नोंद तत्काळ रद्द करावी. स्वस्त प्रकारच्या कार्डांची नक्कल करणे सोपे असते, म्हणून विक्रेत्याकडे सांकेतिक सुरक्षा असलेल्या कार्डाचीच मागणी करावी.

मोबाइलवर चालणाऱ्या कुलपांत खरी परीक्षा अॅपची असते. पडद्यावरील चित्रांना नावे दिलेली नसतील, तर वाचक सुविधा फक्त ‘बटन, बटन, बटन’ एवढेच म्हणत राहते. दार उघडण्याचे बटन कोणते आणि नोंदी पुसण्याचे कोणते, हे कळत नाही. नोंदणीसाठी पॅकेटवरील चौकोनी कोड कॅमेऱ्याने टिपावा लागतो काय, चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट आहे काय, हे आधीच तपासावे. आज सुरळीत चालणारे अॅप पुढील आवृत्तीत बिघडू शकते आणि मोबाइलची बॅटरी संपू शकते. म्हणून अॅप हा सोयीचा मार्ग असावा, एकमेव मार्ग नसावा. घरातील बोलक्या सहायक यंत्राला सांगून दार उघडण्याची सोय काही कुलपांत असते. तेथे संकेतांक मोठ्याने उच्चारावा लागत असेल, तर तो दाराबाहेरच्या माणसालाही ऐकू जाईल, याचे भान ठेवावे.

कुलपाने काय बोलावे?

डोळस व्यक्तीला हिरवा किंवा लाल दिवा जे सांगतो, ते अंध व्यक्तीला आवाजाने कळले पाहिजे. दार उघडले, दार बंद झाले, संकेतांक चुकला आणि बॅटरी कमी झाली या चार घटनांचे आवाज एकमेकांपासून स्पष्ट वेगळे हवेत. सर्व घटनांना एकच ‘टिक’ वाजवणारे कुलूप दिव्यावरच अवलंबून आहे, असे समजावे. ‘व्हॉइस गाइड’ असलेली कुलपे शब्दांत सूचना देतात. ती कोणत्या भाषेत बोलतात आणि नवा ठसा नोंदवणे, संकेतांक बदलणे या मेन्यूतही बोलतात की केवळ दार उघडतानाच, हे ऐकून खात्री करून घ्यावी. मेन्यूत मुके होणारे कुलूप घेतले, तर स्वतःच्या घराचा संकेतांक बदलण्यासाठी दुसऱ्याला तो सांगावा लागतो आणि मग त्या संकेतांकात गुप्त असे काही उरत नाही.

बोलण्याला मर्यादाही हवी. दाबलेला प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारणारे कुलूप संकेतांक साऱ्या मजल्याला ऐकवते. आकड्याला केवळ ठोका आणि निकालाला शब्द, ही योग्य विभागणी होय. तसेच रात्री झोपमोड नको म्हणून घरातील कोणी कुलपाचा आवाज बंद केला, तर दुसऱ्या दिवशी अंध व्यक्तीला काहीच कळेनासे होते. आवाज पूर्ण बंद न करता कमी करता येणारे कुलूप निवडावे आणि तो कोणी परस्पर बंद करणार नाही, हे घरात ठरवून घ्यावे.

बॅटरी संपली तर?

घरोघरी बसणारी बहुतेक कुलपे चार किंवा आठ पेन्सिल सेलवर चालतात. त्यामुळे वीज गेली तरी ती बंद पडत नाहीत, सेल संपले की मात्र पडतात. सेल उतरत आल्याची सूचना लुकलुकणाऱ्या दिव्याने मिळत असेल, तर अंध व्यक्तीपर्यंत ती पोहोचतच नाही. ध्वनिसूचना देणारेच कुलूप घ्यावे आणि सूचनेची वाट न पाहता ठरावीक महिन्यांनी सर्व सेल एकाच वेळी बदलावेत. जुने-नवे सेल एकत्र घालू नयेत. सेल घालणे हे काम स्पर्शाने सहज होते. सेलचे उंचवट्याचे टोक धन, सपाट टोक ऋण, आणि कुलपातील स्प्रिंग सपाट टोकाला टेकते. झाकणाला बारीक स्क्रू नसावा, एवढे पाहावे.

सेल पूर्ण संपले, तरी बाहेरून तात्पुरता विद्युतपुरवठा देण्याची सोय अनेक कुलपांत असते. काहींच्या तळाशी दोन धातूचे ठिपके असतात व तेथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवावी लागते. काहींत मोबाइल चार्जरच्या तारेची जागा असून तेथे पॉवर बँक जोडता येते. यांपैकी तारेची सोय अंध व्यक्तीला अधिक सोपी, कारण बॅटरी एका हाताने टेकवून धरत दुसऱ्या हाताने आकडे दाबणे हे कसरतीचे काम आहे.

शेवटचा आधार साध्या किल्लीचाच. किल्लीने उघडण्याची सोय नसलेले कुलूप अंध व्यक्तीच्या घरी बसवू नये. किल्लीचे भोक झाकणाखाली लपवलेले असल्यास ते झाकण कसे सरकवायचे, याचा सराव करून ठेवावा. ही किल्ली घरातच ठेवल्यास तिचा उपयोग नाही. ती विश्वासू शेजाऱ्याकडे किंवा जवळच्या नातेवाइकाकडे असावी.

दार कोणते, लागते कसे?

मुंबई-पुण्याच्या सदनिकांना अनेकदा बाहेरचे सेफ्टी डोअर आणि आतले मुख्य दार अशी दोन दारे असतात. मुख्य दारावर उत्तम कुलूप बसवून सेफ्टी डोअरला जुने लॅच ठेवले, तर किल्ली बाळगण्याची गरज संपत नाही. दोन्हींचा विचार एकत्र करावा. आपोआप लागणाऱ्या कुलपाचा लाभ असा, की दार बंद आहे की नाही हे पाहावे लागत नाही. तोटा असा, की दुधाची पिशवी घ्यायला बाहेर पाऊल टाकताच मागे दार लागते. ही वेळ कमी-अधिक करता येणारे कुलूप घ्यावे. दार चौकटीत नीट बसत नसेल, पावसाळ्यात लाकूड फुगून घासत असेल, तर खटका अर्धवट अडकतो. तेव्हा कुलपाआधी सुताराला बोलवावे. दार लावल्यावर हाताने एकदा ढकलून पाहण्याची सवय कोणत्याही आवाजापेक्षा खात्रीची.

आतल्या बाजूने दार एकाच हालचालीत, संकेतांकाविना उघडले पाहिजे. आगीच्या प्रसंगी धुराने सर्वांनाच दिसेनासे होते. त्या वेळी मूठ दाबली आणि दार उघडले, इतकी सोपी व्यवस्था घरातील प्रत्येकाचा जीव वाचवू शकते.

सर्वांची गरज एक नाही

अंधत्वाचे स्वरूप व्यक्तीगणिक वेगळे असते आणि कुलूप त्यानुसार निवडावे. मधुमेहामुळे उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांच्या बोटांची संवेदनाही कमी झालेली असते. त्यांना ब्रेलचे ठिपके किंवा बारीक उंचवटे कळत नाहीत. त्यांच्यासाठी मोठी बटने किंवा कार्ड बरे. अंशतः दिसणाऱ्यांना काळ्यावर पांढरे असे ठळक, मोठे व मागून प्रकाशणारे आकडे उपयोगी पडतात. मात्र चकचकीत पृष्ठभागावरील प्रकाशाचे प्रतिबिंब त्यांना त्रासदायक ठरते. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या व्यक्तीला आवाजाचा उपयोग नाही. तिला खटक्याची हालचाल हाताला जाणवणारे कुलूप किंवा साधी किल्लीच योग्य.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत होऊन एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम ४३ नुसार सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विकासाला, उत्पादनाला व वितरणाला चालना देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी ‘आयएस १७८०२’ हे मानक प्रसिद्ध केले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला.

अशा तरतुदींतून प्रत्यक्ष बदल कसा घडतो, हे बँकांच्या एटीएमवरून दिसते. देशातील पहिले बोलके एटीएम युनियन बँकेने जून २०१२ मध्ये अहमदाबाद येथे सुरू केले आणि रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून नवी एटीएम यंत्रे बोलकी व ब्रेल कळफलक असलेली असावीत, असा आदेश दिला. ग्राहकांनी मागणी लावून धरल्यास कुलपांच्या बाबतीतही असे घडू शकेल.

खरेदीपूर्वीची परीक्षा

कुलूप घरातील डोळस व्यक्तीने पसंत करून आणू नये. ज्याला ते रोज वापरायचे आहे, त्यानेच दुकानातील नमुन्यावर पुढील गोष्टी करून पाहाव्यात. डोळस माणसाने डोळे मिटून केलेली चाचणी त्याला पर्याय ठरत नाही, कारण त्याने ते कुलूप आधी पाहिलेले असते.

- दुसऱ्याच्या मदतीविना बटने, ठशाची जागा, किल्लीचे भोक व बाहेरून वीजपुरवठा देण्याची जागा शोधावी.
- एका हातात पांढरी काठी व पिशवी घेऊन दुसऱ्या हाताने दार उघडावे.
- मुद्दाम चुकीचा संकेतांक भरावा. चूक झाल्याचे कसे कळते आणि पुन्हा सुरुवात कशी करायची, ते पाहावे.
- नवा ठसा नोंदवणे, संकेतांक बदलणे आणि एखादी नोंद रद्द करणे ही तिन्ही कामे स्वतः करावीत.
- स्वतःच्या मोबाइलवर अॅप घेऊन ते वाचक सुविधेसह चालवावे.
- सेल काढून पुन्हा घालावेत आणि नंतर किल्लीने दार उघडावे.
- माहितीपुस्तिका वाचक सुविधेला वाचता येईल अशा स्वरूपात मागावी. केवळ चित्रांची पुस्तिका उपयोगाची नाही.

कुलूप बसवायला आलेल्या तंत्रज्ञाकडूनही कारखान्याचा मूळ संकेतांक त्याच्यासमोर न बदलता तो गेल्यावर स्वतः बदलावा. तो स्वतःला बदलता येतो की नाही, येथेच या साऱ्या निवडीचा निकाल लागतो. घराचे कुलूप चोराला बाहेर ठेवण्यासाठी असते हे खरे, परंतु त्याआधी ते घरच्या माणसाला आत येऊ देण्यासाठी असते. जे कुलूप घरधन्याला कोणाचीही मदत न घेता, कोणत्याही वेळी, स्वतःच्या हाताने उघडता येते, तेच त्याच्यासाठी सुरक्षित कुलूप होय.